डोक्यातला नकाशा

आर्लिस हॉगनबाईंचा धंदा सेप्टिक टाक्या उपसण्याचा. मिनेसोटातल्या त्या तळ्याकाठच्या गावात नाकं मुरडणारे पुष्कळ. पण टाकी तुंबली की तेच फोनवर लोणी लावत. टाकीचं झाकण हातभर मातीखाली, आणि ते नेमकं कुठे हे ठाऊक फक्त बाईंना. चाळीस वर्षांत त्यांनी एक ओळ कागदावर उतरवली नव्हती. "लिहिलं की कोणीही सोम्यागोम्या उपसेल," म्हणायच्या.

आता वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे, आणि मुलगी सिअ‍ॅटलहून परतायचं नाव घेत नव्हती. शहरातली मोठी कंपनी धंदा घ्यायला टपली होती, पण ती आपली माणसं आणणार. बाईंना धंदा द्यायचा होता कर्टिसला. एकोणीस वर्षं तो त्यांच्याबरोबर त्याच घाणीत उभा राहिला होता.

"बँक त्याला कर्ज देईल कशावर?" शाळेपासूनची मैत्रीण डनीज म्हणाली. धंद्याचे कागद तीच बघे. "टँकर म्हातारा, ऑफिस म्हणजे तुझं गॅरेज. खरा माल तुझ्या डोक्यात. उद्या तुला काही झालं, तर तो काय विकत घेणार, तुझी टोपी?"

बाईंना ते झोंबलं, कारण खरं होतं.

"हिवाळ्यात जमीन गोठायच्या आत सगळं कागदावर आणते," त्या म्हणाल्या. "मग विक्रीच्या कागदांवर सही."

दुसऱ्या दिवसापासून दोघं घरोघर हिंडू लागले. बाई सळई खुपसत. खाली झाकणावर ठक्क वाजलं की कर्टिस घराच्या कोपऱ्यापासून टेप लावून अंतर लिहून घेई. गुडघे सुजले तरी बाईंनी एक दिवस चुकवला नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या अंगणात त्या लायलॅकच्या झुडपाच्या डावीकडे आठ पावलं चालल्या. सळई सरळ मातीत गेली. पुन्हा खुपसली, पुन्हा माती.

"कोणीतरी झुडूप हलवलंय!"

"झुडूप कोण हलवेल, बाई?" कर्टिसने सळई घेतली, उजवीकडे गेला, एकदाच खुपसली. ठक्क.

"तुला कसं कळलं?"

कर्टिस बुटाने माती उकरू लागला. "दोन वर्षांपूर्वीही तुम्ही डावीकडेच म्हणाला होतात. तुम्ही नळी सोडवेपर्यंत मी उजवीकडे खणलं."

"असं आणखी कुठे?"

"आहे... बऱ्याच ठिकाणी."

"गाढवा, मला सांगायला काय झालं होतं?"

"मालकिणीला चुकलात म्हणून कोण सांगणार? आणि तुम्ही म्हणजे..."

बाईंना भीती वाटली. ज्या डोक्याच्या जोरावर त्यांनी गावाला नमवलं होतं, ते कधी गळायला लागलं हे त्यांनाच कळलं नव्हतं. त्या टँकरच्या पायरीवर बसल्या, आणि बसल्याबसल्याच त्यांनी डनीजला फोन लावला.

"सहीचे कागद उद्या सकाळी तयार ठेव."

"अगं, नकाशा झाला?"

"अर्धा. उरलेला कर्टिसच्या डोक्यात आहे, तो आठवड्याभरात उतरवेल. माझं डोकं शाबूत आहे तोवर मला सही करू दे."

पलीकडून डनीज म्हणाली, "नऊ वाजता ये."

कर्टिसने सळई परत बाईंपुढे धरली. बाईंनी ती घेतली नाही. त्याच्या खिशातली वही ओढून काढली, पेन्सिल ओली केली आणि कोरं पान उघडलं.

"हं, सांग," बाई म्हणाल्या. "उजवीकडे किती पावलं?"