भरलेली माळ, उपाशी माळ

आक्काची अंडी विसाव्या दिवसावर आली होती, आणि नेमकी त्याच पहाटे पाचला वीज गेली ती गेलीच.

माहेरी पाच भावंडांत थोरली म्हणून तिला आक्का म्हणत. लग्न झालं, केस पिकायला लागले, तरी ते नाव सुटलं नाही. आता गिऱ्हाइकंही आक्काच म्हणत. घरामागच्या खोलीत ती कोंबडीची अंडी उबवून पिल्लं विकायची. कपाटाएवढं मशीन, आत पाचशे अंडी, साडेसदतीस अंशांची ऊब, आणि एकवीस दिवस त्या उबेत खंड पडू द्यायचा नाही. एवढाच धंदा, पण त्यात जीव टांगणीला लागलेला असायचा.

दोन वर्षांपूर्वी अशीच वीज नऊ तास गेली होती, आणि अख्खी खेप हातची गेली. आक्काने अंगणाच्या कडेला खड्डा खणून ती अंडी पुरली, हात धुतले आणि दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिचा धाकटा दीर लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "वहिनी, तुम्हाला बॅटरी बनवून देतो. विकतची नको, माझ्या हातची."

त्याने लिथियमचे आठ सेल एकापुढे एक जोडून माळ केली. ती माळ, इन्व्हर्टर आणि तारा अशी सगळी मांडणी खोलीच्या भिंतीला लागून बसली. पण एका माळेवर मशीन जेमतेम दहा-अकरा तास चालायचं. म्हणून वर्षभराने त्याने तसल्याच आठ सेलची दुसरी माळ केली आणि पहिलीच्या शेजारी जोडायला घेतली. तिथे त्याची फजिती झाली. नवी माळ काठोकाठ भरलेली, जुनी निम्मी रिकामी, आणि हा उतावळा. व्होल्ट मोजायचा मीटर न लावताच त्याने तारा टेकवल्या. फाडकन आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, पान्याचं टोक वितळलं, आणि दिराची डावी भुवई महिनाभर अर्धीच राहिली. फ्यूज होता म्हणून तेवढ्यावर भागलं. गल्लीतल्या लोकांनी त्याचं नावच 'फ्यूज' ठेवलं.

त्या दिवसापासून तो शहाणा झाला, आणि आपलं शहाणपण त्याने वहिनीलाही पाजलं.

"भरलेली माळ उपाशी माळेला जोडली ना वहिनी, की भरलेलीतली वीज उपाशीत लोंढ्यासारखी घुसते. मधे अडवायला तांब्याच्या तारेशिवाय काही नाही. आधी दोघींना वेगवेगळं भरायचं, तासभर निवांत ठेवायचं, मीटर लावायचा. आकडे जुळले, तरच गाठ मारायची."

दोन्ही माळांना त्याने वेगळा फ्यूज दिला, वेगळा ब्रेकर दिला, आणि प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं छोटं सर्किटही वेगवेगळं लावलं. तारा फुटपट्टीने मोजून अगदी सारख्या लांबीच्या कापल्या. जवळच्या माळेची तार उगाच वेटोळं घालून पडलेली बघून आक्काचा नवरा हसला होता. तो सुतार; लाकूड वाया गेलेलं त्याला खपत नसे, मग तार कशी खपेल? "आखूड तारेची माळ जास्त राबते, लांब तारेची अंग चोरते," धाकटा म्हणाला होता. "घरातलंच बघ ना दादा."

तर त्या दिवशी वीज पहाटे गेली, तेव्हा आक्का निर्धास्त होती. दोन माळा म्हणजे वीस तास. तिने मशीनच्या काचेतून आत पाहिलं. दोन-तीन अंड्यांना टवके पडले होते. आतून चोच मारणं सुरू झालं होतं. तिने नवऱ्याला चहा दिला, त्याच्याबरोबर जुन्या खुर्चीचं वेताचं विणकाम केलं, दुपारी जेवण उरकलं.

अडीचच्या सुमाराला इन्व्हर्टर पीं-पीं करायला लागला.

आक्काचा आधी विश्वासच बसेना. साडेनऊ तासांत दोन माळा संपतील कशा? ती पुढे झाली, चष्मा पुसला, आणि दोन्ही ब्रेकर पाहिले. पहिल्याचा खटका वर होता. दुसऱ्याचा खाली.

"अहो," तिने हाक मारली, "ही दुसरी माळ बंद आहे!"

नवरा रंध्याचा भुसा झटकत आला. त्याने एकदा खटक्याकडे पाहिलं, एकदा वर भिंतीवर बसवलेल्या नव्या फळीकडे पाहिलं, आणि घाईघाईने हात पुढे केला. "बंद आहे तर चालू कर की. त्यात काय एवढं?"

"हात लावू नका!"

तिचा आवाज एवढा चढला की तो दोन पावलं मागेच सरला.

"अगं, पिल्लं मरतील."

"तो खटका वर केला तर पिल्लांचं राहू द्या, आपल्याला खोलीबाहेर पळावं लागेल. थांबा जरा."

तिने दिराला फोन लावला. लागला नाही. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना तो फोन वरच ठेवायचा. पुन्हा लावला, पुन्हा तेच. इन्व्हर्टर पीं-पीं करतच होता. आक्काने खुंटीवरचा मीटर काढला, त्याची टोकं दिराने दाखवल्याप्रमाणे आधी पहिल्या माळेला लावली, मग दुसऱ्या.

"पहिली पंचवीस पूर्णांक एक. दुसरी सव्वीस पूर्णांक सात."

"म्हणजे दीडच की फरक," नवरा म्हणाला. "दीड व्होल्टाने काय आभाळ कोसळतंय? टॉर्चच्या सेलमध्ये तेवढं असतं."

"भाऊजींची भुवई विचारा." ती मीटर बंद करत म्हणाली. "एक पोटभर जेवून बसलीय, एक पहाटेपासून राबून उपाशी झालीय. आत्ता यांची गाठ घालायची नाही."

"मग काय करायचं? हातावर हात ठेवून बसायचं?"

आक्का स्टुलावर बसली आणि त्या दोन खटक्यांकडे बघत राहिली. दिराने जे सांगितलं होतं ते तिने मनात पुन्हा उलगडून पाहिलं. जोडायचं नाही, ते दोघींना एकमेकींशी. पण मशीनला दोघी हव्यात कशाला? एकीवरही ते वर्षभर चाललंच होतं. दुसऱ्या माळेलाही स्वतःचा फ्यूज आहे, पहिलीसारखीच जाड तार आहे. एकटीने ओझं उचलायला तिला कुणी अडवलंय?

ती उठली.

"एकीला बसवू आणि दुसरीला उठवू," ती म्हणाली. "दोघी एकदम उभ्या नकोत, एवढंच. तुम्ही मशीनचं दार घट्ट धरा, कुठूनही वारा आत जाऊ देऊ नका."

तिने आधी इन्व्हर्टर बंद केला. मशीनचा पंखा थांबला आणि खोलीत एकदम शांत झालं. तेवढ्या शांततेत आतून अगदी बारीक चिवचिव ऐकू आली. मग तिने पहिल्या माळेचा खटका खाली पाडला. तो खाली आहे हे बोट लावून पाहिलं, नवऱ्यालाही बघायला लावलं. "खाली आहे ना?" "आहे." मगच दुसरीचा खटका वर केला. ठिणगी नाही, वास नाही. थोडं थांबून तिने इन्व्हर्टर सुरू केला. पंखा कुरकुरला आणि फिरायला लागला. मशीनवरचा आकडा सदतीसपर्यंत उतरला होता, तो हळूहळू वर सरकू लागला.

नवऱ्याने दाराला टेकूनच श्वास सोडला. जरा वेळाने तो म्हणाला, "तो खटका मीच पाडला होता. चार दिवसांपूर्वी. फळी ठोकताना ड्रिल निसटून तारेत घुसायला नको, म्हणून. नंतर वर करायचा राहून गेला."

"कळलं होतं मला."

"कधी?"

"तुम्ही आधी फळीकडे बघितलंत तेव्हाच." तिला हसू आलं, पण ते तिने लगेच दाखवलं नाही.

दिराचा फोन साडेतीनला आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "वहिनी, मला हे सुचायला दहा मिनिटं लागली असती," तो म्हणाला. "आता एक करा. वीज आली तरी पहिलीला हात लावू नका. चालतंय ते चालू द्या. मी उद्या येतो." मग त्याने दादाला फोन द्यायला सांगितलं. दादा फोन घेऊन अंगणात गेला. तिथे काय बोलणं झालं ते आक्काने विचारलं नाही, पण परत आला तेव्हा त्याचे कान लाल होते.

वीज संध्याकाळी सहाला आली. पिल्लं मात्र कुणाची वाट बघत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मशीनमधल्या जाळ्या ओल्या, डुगडुगत्या पिवळ्या गोळ्यांनी भरल्या. पाचशेपैकी चारशे एकतीस निघाली. आक्काच्या हिशेबाने चांगली खेप. ती एकेक सुकलेलं पिल्लू उचलून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवत होती, आणि नवरा खोक्याला हवेसाठी भोकं पाडून देत होता. त्या दिवशी त्याने घरापुढचं सुतारकामाचं दुकान उघडलंच नाही.

दुपारी दीर आला. मशीन रिकामं झालं होतं, त्यामुळे घाई नव्हती. त्याने दोन्ही माळा एकेकट्या भरल्या, खटके खाली ठेवून निवांत सोडल्या आणि तिघं पिल्लांपाशी येऊन बसली. दोन तासांनी त्याने मीटर आक्काच्या हातात दिला. तिने दोन्ही आकडे मोठ्याने वाचले. फरक होता एका व्होल्टाच्या शंभरातल्या दोन भागांएवढाच.

"जोडू?" तिने विचारलं.

"मला काय विचारता?" दीर म्हणाला.

आक्काने दोन्ही खटके वर केले. काहीच झालं नाही, आणि व्हायलाही नकोच होतं. दिराने मग प्रत्येक माळेला एकेक हिरवा दिवा लावला, माळ बंद पडली की विझणारा. भिंतीवरची फळी नवऱ्याने स्वतःहून काढली आणि पलीकडच्या भिंतीवर नेऊन ठोकली. या वेळी ड्रिलला हात लावण्याआधी त्याने आक्काला हाक मारली.