मी उलटा बसलो त्याची गोष्ट

मित्रांनो, जगाला पुढे नेणाऱ्यांचे पुतळे उभारले जातात. पण जगाला वेळेवर थांबवणाऱ्याचा पुतळा तुम्ही कुठे पाहिला आहे का? भरधाव निघालेल्या दीडशे किलो वजनाला, वर बसलेल्या माणसासकट, दोन बोटांच्या इशाऱ्यावर जागीच उभे करणारा तो थोर जीव म्हणजे मी. खरे सांगायचे तर अर्धा मी. उरलेला अर्धा चाकाच्या पलीकडे राहतो.

मी एक जुना ब्रेक कॅलिपर आहे. आमच्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लोखंडी तबकड्या असतात. त्या चिमटीत धरून चाक थांबवणे हे आमचे काम. मी डावा, पलीकडचा उजवा माझा जुळा भाऊ. तो म्हणजे माझे आरशातले रूप. आमच्या डोक्यावर एकेक तोटी असते आणि तोटीवर रबरी टोपी. पोटातल्या तेलात हवा शिरली की आमच्यातला जोर जातो. मग ती हवा त्या तोटीतून काढावी लागते. पोटात हवा धरल्यावर तुमचे काय होते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आमची मालकीण नर्स आहे. टेकडी उतरून पलीकडच्या वस्तीत जायचे आणि घरोघरी इंजेक्शने द्यायची, हे तिचे रोजचे काम. अकरा वर्षांत तिने माझे कौतुक केले नाही. पण वळणाच्या बरेच अलीकडे हळूच मुठीजवळचे ब्रेकचे लिव्हर दाबायची तिची सवय होती. तेच माझे कौतुक.

तिचा नवरा घड्याळजी. एका रविवारी आम्ही दोघे भाऊ जरा करकरलो. मेकॅनिकचे दुकान बंद होते.

"उद्या दाखवू या," ती म्हणाली.

"अगं, मी शेंगदाण्याएवढी घड्याळं उघडतो. हे तर भोपळे आहेत."

मित्रांनो, भोपळ्याला भोपळा म्हटले तर राग येत नाही. मला आला.

त्याने आम्हाला काढले, अंगणात पाटावर मांडले आणि दात घासायच्या ब्रशने असे घासले की मेकॅनिकने पिवळ्या रंगाने काढलेल्या 'डा' आणि 'उ' या खुणाही मळाबरोबर निघून गेल्या. मग तो गाडीच्या समोर, चाकाकडे तोंड करून बसला आणि आपल्या डाव्या हाताला चाकाचा जो खांब आला त्यावर त्याने मला चढवले. गाडीचा तो उजवा. भाऊ माझ्या जागी गेला. नळ्या थोड्या ओढून लावल्या. बाजू बदलल्या की आम्ही उलटे होऊनच बसतो, म्हणून आम्ही दोघेही डोके खाली, पाय वर.

नवे तेल ओतून हवा काढणे सुरू झाले. ती लिव्हर दाबून धरी, तो तोटी सैल करी.

"दाब. धर. सोड."

"मऊच लागतंय."

"दाब. धर. सोड."

"अहो, लिव्हर मुठीला टेकतंय."

तेलाची एक बाटली संपली, दुसरी संपली. तेल खालून भळाभळा येत होते आणि हवा माझ्या पोटात, अगदी वर, निवांत बसून होती. मला सगळे कळत होते. पण कॅलिपरला तोंड असते ते फक्त तेलासाठी.

शेजारचे काका आले. त्यांनी तीस वर्षे ट्रक चालवला होता.

"लिव्हरजवळचा तेलाचा पंप गेलाय," काका म्हणाले.

"पंप न बघताच?" घड्याळजी.

"बघायचं काय त्यात? गेलेला माणूस दिसतो का?"

साडेतीन वाजले. पलीकडच्या वस्तीतल्या एका आजोबांना बरोबर पाच वाजता इंजेक्शन द्यायचे होते. चालत दोन तास.

"मागचा ब्रेक आहे ना," घड्याळजी खालच्या आवाजात म्हणाला. "हळू जा."

"त्या उतरणीवर? तुम्ही बसता का मागे?"

तिने पेटी उचलली, चालत निघायचे म्हणून चपला घातल्या आणि तोटीखालचे तेल अंगणात पसरू नये म्हणून वाटी सरकवायला वाकली. तशीच थांबली.

"अहो, याचं तोंड खाली का?"

"तेल खालूनच पडणार ना."

"तेल पडेल. हवा कशी पडेल? मी सिरिंजची सुई वर धरते, टिचकी मारते, मग हवा निघते. सुई खाली धरली तर औषध सांडेल आणि हवा आतच राहील."

घड्याळजीने माझ्याकडे पाहिले, भावाकडे पाहिले. मग उठून तो गाडीवर बसला आणि आपला डावा हात त्याने नीट निरखून पाहिला. इतक्या वर्षांनी कुणी डावा हात असा पाहत नाही.

वीस मिनिटांत आम्ही आपापल्या घरी होतो. तोट्या वर आल्या. तिने मला बोटाने टकटक टिचक्या मारल्या. "दाब. धर. सोड." बुडबुडे असे निघाले की मला लाज वाटली. लिव्हर दगडासारखे घट्ट झाले. गल्लीत दोन फेऱ्या मारून तिने खात्री केली आणि ती निघाली.

उतरणीच्या शेवटच्या वळणावर विटांची हातगाडी आडवी झाली होती. तिने दोन बोटे दाबली. मी इकडून धरले, भावाने तिकडून धरले. चाक हातगाडीच्या वीतभर अलीकडे थांबले. हातगाडीवाल्याने वरही पाहिले नाही. आजोबांना पाच वाजता इंजेक्शन मिळाले.

घरी काका अंगणातच होते. म्हणाले, "मी सांगतच होतो, पंप चांगला आहे."

मित्रांनो, काहीही उघडण्याआधी त्यावर खूण करा, आणि आधीच असलेली खूण पुसू नका, एवढे मी तुम्हाला सांगेन. थांबवणाऱ्यांना जपा, हेही सांगेन. पुतळ्याचे राहू द्या. फक्त त्या दिवसापासून माझी रबरी टोपी खिडकीत, घड्याळाच्या सुट्या काट्यांच्या डबीत पडली आहे. डोक्यात धूळ जाते. कुणी तेवढी आणून घालाल का?