राणीला झोपवायचं तेल

सासूबाई गेल्या आणि नानांनी माणसांशी बोलणंच टाकलं. हाक मारली तर मान हलवायची, बस्स. बोलायचे ते फक्त काचेच्या टाकीतल्या राणीशी, सासूबाईंनी जिवापाड सांभाळलेल्या सोनेरी माशाशी. आता नेमकी त्या राणीच्या तोंडावर गाठ आली आणि तिचं खाणं सुटलं. ती गेली तर नानाही हातचे जातील, ही भीती सुनेला सतावत होती.

सून दातांची डॉक्टर. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला फोनवर सांगितलं, "गाठ वरवरची आहे, तुम्हीच काढा. पाण्यात लवंगेचं तेल घातलं की मासा झोपतो. पण जास्त झालं तर उठत नाही." तेलाला काय तोटा? दुखरा दात बधिर करायला तिच्या दवाखान्यात बाटली कायम भरलेली.

आणि तिथंच माशी शिंकली. तेल आधी थोड्या कोमट पाण्यात खळखळून मिसळायचं, हे त्यांनी बजावलेलं बाई साफ विसरली. कापसावर टाकावेत तसे थेंब तिनं राणीला टाकीतून काढून ठेवलेल्या भांड्यात थेट सोडले. लवंगेचं तेल पाण्याहून जड, ते गपचूप तळाशी जाऊन बसलं. राणी आपली मजेत पोहतेय. म्हणून हिनं आणखी थेंब सोडले, वर सवयीनं "आ करा" म्हणाली. तेवढ्यात राणी तळाशी गेली आणि एकदम आडवीच झाली.

सुनेनं झटक्यात गाठ काढली. हात चुकला नाही, पण राणीचे कल्ले हलेनात. तिनं राणीला शेजारी उभ्या नानांकडे दिलं.

"नाना, धरा हिला. स्वच्छ पाण्यात पुढं पुढं ढकलत राहा, कल्ल्यांतून पाणी जाऊ दे."

नानांनी बाह्यांसकट हात टाकीत घातले. "चल गं बाई, चल. तूही मला टाकून निघालीस का?"

सुनेला रडू आवरेना. "चुकलं माझं, नाना."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग कल्ला जरासा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. राणीनं शेपटीचा असा फटका दिला की नानांचा चष्मा भिजला.

तो न पुसताच नाना सुनेकडे वळले. "डॉक्टर ना तू? वाटेल तेवढं तेल ओततात का? जीव गेला असता तिचा."

कितीतरी महिन्यांनी ते तिच्याशी बोलत होते. सून डोळे पुसत म्हणाली, "बोला नाना, अजून बोला."

आणि नाना बोलत राहिले. आधी तेलावर, मग तिच्या धांदरटपणावर, आणि मग हळूहळू सासूबाईंवर.