पोस्टरमधला चेहरा

माझ्या लेकीच्या, मैत्रीच्या डिझाइन कॉलेजातून ‘फायनल क्रिटीक’चं बोलावणं आलं, तेव्हा मला वाटलं, बक्षीस समारंभच असणार. टाय लावला, वाटेत एडिसनच्या देशी मिठाईवाल्याकडून बर्फीचा डबा घेतला. तिथे कसला समारंभ! भिंतीवर पोस्टरं टाचलेली आणि वर्गातली पोरं एकमेकांच्या कामाची चिरफाड करत होती. ज्याचं पोस्टर, त्यानं मध्ये अवाक्षर काढायचं नाही, हा नियम. इकडे परदेशात डिझाइन असंच शिकवतात म्हणे.

मैत्रीचं पोस्टर ब्रेस्ट कॅन्सरच्या तपासणीबद्दल होतं. त्यावर तिच्या आईचा, माझ्या संघमित्राचा, भलामोठा फोटो. पार्सिपनीत भीमजयंतीला काढलेला, पांढऱ्या साडीत खळखळून हसणारा. खाली तपासणीसाठीचा फोन नंबर. संघमित्राला याच आजारानं जाऊन वर्षही झालं नव्हतं.

“ही बाई कोण?” कानात बाळी घातलेल्या एका पोरानं विचारलं. “उगाच लक्ष खेचते. काढून टाक.”

त्यांच्या म्हाताऱ्या प्रोफेसरांनी मान डोलावली. जे काढलं तरी चालतं ते ठेवायचं नाही, मॉडर्न डिझाइन असंच घडत आलंय, म्हणाले. माझं डोकं सणकलं. चालतं म्हणे! या घरात कुणाचं चाललंय तिच्यावाचून? मैत्री मात्र सगळं लिहून घेत होती.

मे महिन्यात नवं पोस्टर आमच्या भागातल्या दवाखान्यात लागलं. ते बघायला दोघं गेलो. पांढरा कागद, एक ओळ आणि मोठ्ठा नंबर. बस्स. तेवढ्यात एक बाई थांबली, पर्समधून मोबाइल काढून नंबर सेव्ह करून गेली.

माझा मात्र तोल सुटला. “आईला पुसून टाकलंस तू! एवढी जड झाली होती का ती?”

“पप्पा, प्लीज. फोटो होता तेव्हा सगळे मम्मीकडेच बघत होते. नंबर कुणी रीडच केला नाही.” तिचा आवाज चिरकला. “मम्मीनं टाइमवर असा एक नंबर बघितला असता, तर मला तिचा फोटो लावावाच लागला नसता ना?”

पोरीचं बरोबर होतं. पोस्टरही चांगलं होतं, हे माझ्यासारख्या कोडिंगवाल्यालाही कळत होतं. पण मला नंबर नको होता. मला संघमित्रा हवी होती. त्या कॉरिडॉरमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मी पोरीच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडलो.