बिनबांगड्यांचे हात

ब्याऐंशी साली सत्यभामाबाईंच्या नातवाचा पहिला फोटो मस्कतहून आला, टपालाच्या तिकिटाएवढा. लेकराचं नाक कोणावर गेलंय यावर सानगडी गावातल्या बायका वाद घालत होत्या. सत्यभामाबाई मात्र लेकराकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या हातांकडे.

फोटो पासपोर्टासाठी काढलेला. एवढ्याशा पोराला बसता येत नाही, आणि सरकारला फोटोत दुसरं माणूस चालत नाही. म्हणून कोणीतरी मागून काखेत हात घालून त्याला सरळ धरलं होतं. ते हात मनगटापर्यंत दिसत होते आणि त्यांत एकही बांगडी नव्हती.

सुनेचे हात, आणि बिनबांगड्यांचे? नवरा जिवंत असताना कोणती बाई मनगट मोकळं ठेवते? त्यात या खेपेची चिठ्ठी जागेश्वरनं नव्हे, सुनेनं, निर्मलानं लिहिलेली. इकडे सर्व ठीक आहे, एवढंच. ठीक असतं तर लेकानं स्वतः लिहिलं नसतं?

नागपूरच्या एका डॉक्टरांनी त्या दोघांना मस्कतला नेलं होतं. निर्मला त्यांच्या घरी स्वयंपाकाला, जागेश्वर त्यांच्या दवाखान्यात स्टोअरकीपर. त्या एका शब्दानं बाईंच्या नवऱ्याची, कृष्णरावांची मान गावात ताठ झाली होती. अशा बापाला संशय सांगायचा तरी कसा? बाईंनी तो गिळला. पण घास गोड लागेना. पोस्टमन नुसता हसला तरी वाटे, याला ठाऊक आहे, मेला सांगत नाही. स्वतःच्या कपाळाला कुंकू लावताना सुनेचं कपाळ डोळ्यांपुढे येई आणि हात थबके.

अशात कळलं, एकोडीचा तुलाराम सुट्टीवर आलाय. तो त्याच दवाखान्याची गाडी चालवायचा. बहिणीकडे जाते असं नवऱ्याला सांगून बाईंनी एसटी पकडली.

तुलारामनं पाणी ठेवलं. बाईंनी तांब्याला हातही लावला नाही. फोटो पुढे केला.

“हे हात कोनाचे? खरं सांग.”

“जागेश्वरचे, काकी.”

“मले येडी समजतं काय? बाप कधी लेकराले असा धरते?”

त्यांचंही चूक नव्हतं. त्यांच्या घरात वडीलधाऱ्यांदेखत बापानं आपलं मूल उचलणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा. कृष्णरावांनी जागेश्वरला कडेवर घेतलं ते त्यांचे वडील वारल्यावर, आणि तोवर पोर अंगणभर पळत होतं.

“तिथं कोन पाहून राहिलं, काकी? आधी वहिनीच धरत होती. बांगड्या चमकतात म्हनून फोटोवाल्यानं जागेश्वरले धराले लावलं. वहिनी समोर टाळ्या वाजवत होती. मी तिथंच होतो.”

“जागेश्वरचे हात काळेभोर. हे तं गोरे, बाईसारखे. आन् चिठ्ठी काहून नाही लिहिली त्यानं?”

तुलाराम खाली बघू लागला. इथंच पाणी मुरतंय, बाईंनी ओळखलं.

“जित्ता आहे ना माहा पोरगा?”

“जित्ता आहे, काकी. पन तो स्टोअरात नाही. दवाखान्याच्या चादरी धुते. त्या औषधाच्या पान्यानं हाताची कातडी सोलून पांढरी पडली. बोटं फुटली, पेन धरता येत नाही. घरी सांगू नको म्हने.”

लेक जिवंत होता. बाईंना आधी त्या सुखाचं रडू आलं. मग फोटोकडे लक्ष गेलं आणि दुसरंच रडू आलं. पोटच्या पोराचे हात त्या रोज सुनेचे समजून बघत होत्या, आणि एकदाही ओळखले नाहीत.

घरी आल्या तेव्हा कृष्णराव ओसरीवर चष्मा पुसत बसले होते. फोटो मागून घेऊन त्यांनी तो उजेडाकडे धरला.

“हे हात सूनबाईचे काय?”

“जागेश्वरचे.”

लेकरू बापानं धरलंय म्हणून ते क्षणभर अवघडले. मग गालातल्या गालात हसले.

“पाह्य बरं, जागेश्वरची माय, किती उजळले हात. सावलीतली नोकरी आहे ना. सुखात आहे पोरगा.”

“हो,” सत्यभामाबाई म्हणाल्या, “लय सुखात आहे.”

आणि चूल पेटवायला आत गेल्या.