चार बोटं उजवीकडे

पोलीस शिपाई वर्षाराणीचा नेम वाईट होता असं कोणी म्हटलं असतं, तर चांदमारीच्या मैदानावर शिकवणारे उस्ताद बाबूलाल त्याच्याशी भांडले असते. नेम झकास होता. फक्त भलतीकडे होता. पाचही गोळ्या एकमेकींना खेटून बसायच्या. पण काळ्या ठिपक्याच्या चार बोटं उजवीकडे, कोऱ्या कागदात.

उस्तादांना आधी पिस्तुलाचाच संशय आला. त्यांनी तेच पिस्तूल घेऊन स्वतः गोळी झाडली. ती ठिपक्याच्या मधोमध गेली.

"पोरी, श्वास बराबर धरून राह्यली, घोडा हळू दाबून राह्यली, हात हालून नाही राह्यला. मंग त्या ठिपक्यानं तुहं काय बिघडवलं?"

तिला तरी कुठे माहीत होतं! जिल्ह्याच्या पिस्तूल संघात एकच जागा उरली होती आणि निवड परवावर आली होती. शाळेत कबड्डीच्या संघाला पाणी पाजण्यापलीकडे तिची मजल गेली नव्हती. आयुष्यात एकदा तरी संघात नाव लागावं, एवढीच तिची हाव होती, आणि त्या हावेने तिला जेवण गोड लागत नव्हतं.

वाशिमच्या क्वार्टरमध्ये ती काच पुसायच्या फवाऱ्याच्या बाटलीवर सराव करायची, बोटाला घोड्याची सवय राहावी म्हणून. त्या संध्याकाळी दिव्याचं बटण, कपाटाची कडी, नवऱ्याच्या फोटोतला टाय, सगळं तिने अचूक भिजवलं. मग भिंतीवर पाल दिसली. फुर्र! पाणी पालीच्या चार बोटं उजवीकडे. पुन्हा फुर्र! पुन्हा तिथेच.

"पालही भेत नाही तुले," नवरा हरीओम फोटो पुसत म्हणाला.

केनवडहून आलेली तिची आई पंचफुलाबाई मात्र खाटेवर बसून समाधानाने मान डोलवत होती. "बराबर हाय. जीवाले लागू द्याचं नाही, उजवीकडून जाऊ द्याचं. इसरली नाही माही लेक!"

वर्षाराणी बाटली धरून तशीच उभी राहिली. लहानपणी ज्वारीच्या वावरात माळ्यावर चढून ती गोफण फिरवायची. आईची शिकवण पक्की होती. पाखराचा जीव घ्यायचा नाही, दगड त्याच्या उजव्या अंगाने सोडायचा, म्हणजे ते डावीकडे उडतं. डावीकडे खेमाकाकाचं वावर होतं. पंचफुलाबाईंची भूतदया बांधापर्यंतच होती.

भिंतीवरची पाल असो की कागदावरचा काळा ठिपका, पाखरासारखं गप्प बसलेलं काही दिसलं की तिचा हात अजून त्याला वाचवत होता.

"आई, तुह्या पाखरायनं माही वाट लावली व!"

"काहून? मी का खोटं शिकवलं?" पंचफुलाबाई फणकारल्या.

निवडीच्या दिवशी सरावाच्या गोळ्या पुन्हा उजवीकडेच गेल्या. उस्तादांनी कपाळावर हात मारला. वर्षाराणीला रडू फुटायचंच बाकी होतं. अंगात मुरलेली सवय दोन दिवसांत निघते थोडीच! तिने पिस्तूल खाली केलं, डोळे पुसले. हात ऐकत नसेल तर पाखरालाच हलवू, असा विचार तिच्या मनात आला. ठिपक्याच्या चार बोटं डावीकडे, कोऱ्या कागदावर, तिने मनानेच एक चिमणी बसवली. मग त्या चिमणीला वाचवायला पिस्तूल रोखलं.

पाचही गोळ्या ठिपक्यात गेल्या, एकमेकींना खेटून.

उस्ताद धावत कागदापर्यंत गेले आणि धापा टाकत परत आले. "काय केलं व बाप्पा तू?"

"ठिपक्याकडं पाह्यलंच नाही, उस्ताद. डावीकडं चिमनी बसवली अन् तिले लागू नाही दिलं."

बाबूलालनी मोठ्याने तिचं नाव संघात पुकारलं. वर्षाराणी पिस्तूल टेबलावर ठेवून खुशाल रडली. उस्ताद मात्र अजून त्या कागदाची डावी बाजू निरखत होते.

"अन् ते चिमनी?" त्यांनी हळूच विचारलं. "गेली कुठं?"

"जाईन कुठं?" नाक पुसत ती म्हणाली, "खेमाकाकाच्या वावरात."