घोडेवाल्याची कॅसेट

“आता येतंय बघ,” टीव्हीच्या मागे डोकं खुपसून कुंदन म्हणाला.

“मघापासून येतंयच,” सुवर्णा म्हणाली. “माझी इगतपुरीची गाडी सातची आहे रे. तोवर येईल ना?”

भाऊबीज होती. सकाळीच ओवाळून झालं होतं. दरवर्षी कुंदन ताटात साडी ठेवायचा. यंदा त्याने कोपरा उडालेला एक काळा टीव्ही-गेम ठेवला आणि त्यावर एक पिवळी कॅसेट. त्यांची आई तानुबाई तेव्हापासून धुसफुसत होती.

“मोटारी बांधून बांधून याच्या डोक्याचंच वायंडिंग जळालंय. लेकीबाळीला कुनी भंगार घालतं का ओवाळणीत?”

“भंगार नाही, आई. घोडेवाला आहे. जुन्या बाजारात सापडला. अडॅप्टर मी स्वतः दुरुस्त केलाय.”

‘घोडेवाला’ ऐकून सुवर्णाने कॅसेट हातात घेतली, उलटीसुलटी केली.

पंचवटीत त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी लाकडाची वखार होती. वखारीमागे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ‘घोडेवाला’ या व्हिडिओ गेमचं माणसाएवढं उंच मशीन. साल ब्याण्णव. कुंदन दहा वर्षांचा, सुवर्णा चौदाची. तानुबाई मंदिराच्या रस्त्यावर हार विकायची. कीर्तनावर तिचा भारी जीव, पण संध्याकाळी ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी टोपली सोडून उठणार कशी? म्हणून ती पोरांना पाठवायची आणि जेवताना विचारायची, “सांगा, आज बुवांनी कोनतं आख्यान लावलं?”

कुंदन कीर्तनाला कधी पोचलाच नाही. आरतीच्या ताटात टाकायची दोघांची नाणी मुठीत घेऊन तो शेडकडे पळायचा. सुवर्णा एकटीच मंडपात बसायची. पूर्वरंग संपला, बुवांच्या गळ्यात हार पडला, मंडळींच्या कपाळी बुक्का लागला, की मात्र तिला उठावं लागायचं. टोपली रिकामी झाली की आई शेडवरूनच घरी यायची, आणि कुंदन तिथे सापडला असता. मग सुवर्णा चिमूटभर बुक्का मागून घ्यायची, शेडच्या दारातून हाक मारायची (आत मुली जात नसत), भावाच्या कपाळाला तो बुक्का फासायची आणि घरी पोचेपर्यंत त्याला कथा पढवायची.

“पुढच्या वेळी तू खेळ, ताई. मी दारात उभा राहीन,” कुंदन दर वेळी म्हणायचा. ती पुढची वेळ आली नाही. चार वर्षांनी सुवर्णाचं लग्न झालं, वखारही उठली. कुंदन मोठा झाला, मोटारी दुरुस्त करू लागला, पण आपण बहिणीचा डाव खाल्ला, हे त्याच्या मनातून गेलं नाही. आज चौदा वर्षांनी तो डाव त्याने ताटात ठेवला होता.

टीव्हीवर मुंग्या आल्या, मग निळा पडदा, मग एक बारीकशी चाल वाजली. दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

“आला!”

“हा घोडा आहे का शेळी?” सुवर्णा म्हणाली.

कुंदनचा चेहरा पडला. घोडा खरंच बोटभर होता. मागची ताडाची झाडं गेली होती, धबधबा गेला होता, आकाश एकाच रंगात उरकलं होतं. पुलावरची लढाई तर गायबच. शेडमधल्या मशीनचं सगळं वैभव या डब्यात मावलंच नव्हतं. पण चाल तीच होती. तबलजी आला नाही, पेटीवाला आजारी, तरी बुवा नुसती झांज घेऊन उभे राहतात आणि गोष्ट उभी करतात. हा डबाही तसाच, आपल्या परीने, नेटाने गात होता.

“धर रिमोट,” कुंदन म्हणाला. “हे लाल बटण उडीचं.”

सुवर्णाने धरला. घोडा पहिल्याच ओढ्यात पडला. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा तर उडी मारायचंच राहिलं. ती पोट धरून हसली आणि रिमोट त्याच्या मांडीवर ठेवला.

“घे. तू खेळ.”

“अगं, तुझा डाव आहे. मी तुझे इतके डाव खाल्ले...”

“कसले डाव?” ती चकित झाली. “मला कुठे खेळायचं होतं, वेड्या?”

“मग दारात उभी राहून बघायचीस ती?”

“तुझा घोडा एकदाचा कधी मरतो ते बघायचे! तो मेल्याशिवाय तू हलायचा नाहीस.” मग पडद्याकडे बघतच म्हणाली, “मला कीर्तन ऐकायचं होतं रे. शेवटपर्यंत. आख्यान सुरू व्हायच्या वेळेलाच मी उठायचे. चार वर्षांत एक गोष्ट पुरी ऐकली नाही.”

“पण आईला तर पूर्ण सांगायचीस!”

“मनानं रचायचे.”

स्वयंपाकघरातून तानुबाईचं हसणं आलं. “मला काय ठावं नव्हतं? राज्य गेलेल्या राजाचं आख्यान होतं. राजा वनात, रानी परक्याच्या दारात, आन हिच्या गोष्टीत दोघं घरी येऊन पिठलं-भाकरी जेवले! कीर्तन सुटायच्या आधी पोरं घरात, मला कळंना व्हय?”

“मग बोलली का नाहीस?” कुंदनने विचारलं.

“दिवसभर उन्हात बसून आलेली मी. कुनीतरी राजाला जेवू घालत होतं. कशाला मोडू?”

कुंदनने टीव्ही बंद केला. मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला. मग एकदम म्हणाला, “कार्तिकाचं कीर्तन आहे मंदिरात. पाचला. चल.”

“आणि गाडी?”

“बॅग घेऊनच निघू. अर्ध्यातून सोडतो स्टेशनवर.”

मंडपात बुवा तरुण होते, गळा गोड होता. पूर्वरंग झाला. हार आला. एका आजोबांनी सुवर्णाच्या कपाळी बुक्का लावला, आणि ती आपोआप उठायला लागली. तिने बॅगेकडे हात नेला.

बॅग कुंदनच्या मांडीखाली होती.

“सोड ना,” ती कुजबुजली. “नाशिकरोडला पोचायचंय.”

“सकाळी गाडी आहे.”

“घरी वाट बघतील.”

“बघू देत.”

पुढच्या ओळीतल्या बाईने वळून डोळे वटारले. सुवर्णा खाली बसली. बुवांनी कंबर कसली, झांज वाजली, आणि राजाने राजवाड्याचं दार ओलांडलं. त्यानंतर तासभर तिने ना घड्याळ पाहिलं, ना भावाकडे.

आरती झाली तशी ती गर्दीतून अनवाणीच निघाली आणि समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरली.

“अहो, मी बोलतेय... नाही, गाडी चुकली नाही, सोडली. उद्या सकाळी येते... आई बरी आहे. अहो, काही झालं नाही!” तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. “ऐका ना. एक राजा होता. शेवटी त्याला राज्य परत मिळालं, पण तो सिंहासनावर बसलाच नाही... थांबा, पहिल्यापासून सांगते.”

दाराबाहेर कुंदन तिच्या चपला हातात घेऊन उभा होता.